वैरण कापण्याआधी बियाण्याची ताटं राखा

रिठद गाव आणि एकूणच रिसोड तालुक्याच्या बऱ्याच शिवारात खरिपात सोयाबीन-तूर आली आणि ज्वारी मागे पडली. सोयाबीनचं कुटार आहे, पण कडब्याची जागा ते घेत नाही. म्हणून दुभत्या जनावरांसाठी ज्यांनी मृगात चाऱ्याची ज्वारी पेरली, त्यांना आत्ताच सांगायचं आहे. पीक निम्म्या फुलोऱ्यात आलं की विळा लागेल आणि चांगली-वाईट सगळी ताटं एकाच भाऱ्यात जातील. त्याआधी एकदा वावरात फिरा.

सुधारित वाणाच्या किंवा घरच्या बियाण्याच्या पिकातही ताटाताटांत फरक असतो. तो पाहण्यात आपली एक चूक होते: उंच ताट दिसलं की तेच निवडतो. उंची बऱ्यापैकी वंशाने येते हे खरं, पण धुऱ्यावरचं किंवा शेणखताचा ढीग होता तिथलं ताट जागेमुळे माजलेलं असतं. त्याचं बी पेरलं तर तो माज पुढे येत नाही. निवड तासाच्या मधल्या, चारी बाजूंनी शेजार असलेल्या ताटांतूनच करा.

मग पान हातात घ्या आणि मधली शीर बघा. खडूसारखी पांढरीफटक असेल तर धांडा बहुधा भेंडाळ, कोरडा निघतो. शीर मळकट हिरवट असेल तर धांडा रसाळ. खात्री करायची तर दोन्ही तऱ्हेचं एकेक ताट सोलून चावून पाहा. शिरेचा रंग आणि धांड्याचा रस दोन्ही मुख्यतः एकाच जनुकावर चालतात, म्हणून ताट न कापता रसाळपणा ओळखता येतो. रसाळ धांडा जनावर बुडख्यापर्यंत खातं. भेंडाळ धांड्याचा बराच भाग गव्हाणीत उरतो. त्याखेरीज पानं जास्त, फुटवे दोन-तीन, खोडमाशीने पोंगा न मेलेला आणि ताट न लोळलेलं, एवढं बघा.

अशी 40-50 ताटं लाल चिंधी बांधून राखा. ज्वारी बहुतांशी स्वपरागी असली तरी शेजारचा पराग येतोच. कणीस पोटरीतून निघताच, फुलोऱ्याआधी, कागदी पिशवी चढवा. दाणे भरू लागले की पिशवी काढा, नाहीतर भादव्याच्या ओलीत बुरशी येते. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की कणीस खुडा. पुढच्या मृगात एका कणसाचं बी एका तासात पेरा. कोणतं ताट वंशानं चांगलं होतं ते तास सांगेल. एकरी 16 किलो बी लागतं, म्हणून पहिल्या वर्षी दोन-चार गुंठेच होतील. घाई करू नका. मोहोळच्या संशोधन केंद्रावर मालदांडी 35-1 हा वाणही गावरान मालदांडीतून अशीच निवड करून निघाला आणि रब्बीत तो आजही पेरला जातो.

संकरित बियाण्याच्या पिकातून मात्र बी धरू नका, पुढच्या पिढीत ते फुटतं. फुले अमृता, रुचिरा यांसारखे सरळ वाणच घ्या.

आणि एक जपा. फुलोऱ्याआधीची कोवळी, विशेषतः पावसाच्या खंडात सुकलेली ज्वारी आणि कापणीनंतरचे कोवळे फुटवे यांत विषारी घटक जास्त असतो. बियाण्याच्या ताटांभोवती उरलेल्या फुटव्यांवर जनावरं सोडू नका.