शून्यावर न येणारी शिल्लक

सरकारी कोषागारात जमाखर्च तपासण्यात हयात गेल्यामुळे, ज्या खात्याची शिल्लक कधी शून्यावर येतच नाही त्याच्याकडे संशयाने पाहण्याची सवय माझ्या अंगी जडली आहे. म्हणून थोरल्या बंधूंनी आपल्या चिरंजिवांच्या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर झालेल्या खर्चाचा तपशील माझ्यापुढे ठेवला तेव्हा रकमेपेक्षा तिच्या मांडणीनेच माझे लक्ष वेधून घेतले. मूळ खेळ पुरी किंमत मोजून घेतलेला होता. तथापि त्यातील नामांकित खेळाडू बंद पाकिटांत दडवलेले; त्या पाकिटांना रुपये चालत नाहीत, कंपनीची नाणी लागतात; आणि ही नाणी ज्या ठरावीक गठ्ठ्यांत विकली जातात त्यांचा व पाकिटांच्या दराचा मेळ असा घातलेला, की प्रत्येक खरेदीनंतर थोडी नाणी खात्यात पडून राहावीत, पुढच्या पाकिटाला ती अपुरी पडावीत आणि तेवढ्यासाठी आणखी एक गठ्ठा घेणे भाग पडावे. पाकिटात काय निघेल हे दैवाधीन. पुढे त्याच खेळाची नवी आवृत्ती निघाली, आणि पैसे ओतून उभारलेला संघ जुन्या आवृत्तीतच राहिला.

कंपनीचे नाव मी घेत नाही, कारण ही वहिवाट तिची एकटीची नव्हे. एप्रिल 2006 मध्ये बेथेस्डा कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या खेळातील घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले तेव्हा लोकांनी त्याची यथेच्छ टवाळी केली, पण टवाळीने व्यापार थांबत नसतो. 2012 मध्ये ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकेन’ या खेळाच्या तबकडीवर 12 लढवय्ये आधीच घातलेले असताना कॅपकॉमने ते कुलूपबंद ठेवून त्यांचे वेगळे पैसे मागितले, म्हणजे घराचे खरेदीखत झाल्यावर माजघराची किल्ली निराळ्या दराने देण्यातलाच हा प्रकार. अशा बंद पाकिटांचा वा पेट्यांचा व्यवहार हा जुगारच होय, असा निर्वाळा बेल्जियमच्या नियामकांनी 2018 मध्ये दिला. आणि ‘फोर्टनाइट’मधील फसव्या बटनांमुळे नकळत झालेल्या खरेदीपोटी ग्राहकांना साडेचोवीस कोटी डॉलर परत करण्याचे एपिक गेम्सला डिसेंबर 2022 च्या तडजोडीत मान्य करावे लागले. मालकीची गोष्ट तर बोलूच नये: 2014 साली निघालेल्या ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर युबिसॉफ्टने 31 मार्च 2024 रोजी बंद केले, आणि ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांनाही तो खेळता येईनासा झाला.

खेळाला मागाहून जोडलेली प्रत्येक पुरवणी म्हणजे लूट, असे मात्र माझे म्हणणे नाही. ‘द विचर 3’ या खेळाच्या निर्मात्यांनी 16 लहान पुरवण्या विनामूल्य दिल्या, आणि 2016 ची ‘ब्लड अँड वाइन’ ही सशुल्क पुरवणी स्वतंत्र खेळाच्या तोडीची होती. तेव्हा पुरवणी मूळ कथानक पुरे झाल्यावर रचलेली आहे, की त्यातूनच कापून काढलेली, एवढी चौकशी खरेदीपूर्वी अवश्य करावी. शक्य असल्यास थोडा धीर धरावा; सर्व पुरवण्यांसह संपूर्ण आवृत्ती पुष्कळदा कालांतराने सवलतीत मिळते, आणि धीराला पैसे पडत नाहीत. नाण्यांचा दर नेहमी रुपयांत मांडून पाहावा, उरणारी नाणीही त्यात धरावीत. मुलांच्या खात्याशी आपले कार्ड जोडून ठेवू नये. देणे असेल ती रक्कम ठरवून तेवढीच भरावी. बंद पाकीट मात्र घेऊच नये, या बाबतीत मी हट्टी आहे. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ मनास आला नाही तर 14 दिवसांच्या आत, आणि तो दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास, रक्कम परत मागता येते. ती मुदत दवडू नये. ग्राहकाला चकवणाऱ्या अशा मांडणीविरुद्ध आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आहेत, तेव्हा फसगत झाल्यास मुलावर डाफरण्याआधी पावत्या जपून ठेवाव्यात आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर रीतसर तक्रार नोंदवावी.