जिभेचा उपवास

मयूर विहार, दिल्ली
७ मार्च २०२५

चिरंजीव भाच्यास,


तुझे पत्र पोहोचले. डीकनपदाची दीक्षा होऊन पुरते वर्षही लोटले नसता शरणपुरातील घरोघरच्या भेटींची जबाबदारी पाळकसाहेबांनी तुझ्यावर सोपविली, आणि उपवासकाळ लागण्याआधीच माणसे ‘यंदा काय सोडू?’ असे विचारू लागली. त्यांना काय सांगावे, हा तुझा सवाल. चहा, मांस, सिनेमा अशी यादी मी पाठवू शकलो असतो, परंतु यादी देणे सोपे असते म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास नाही. त्यांनी काय सोडावे हे ठरविण्यापूर्वी तू स्वतः काय सोडावेस, एवढेच आज लिहितो.

परवा राखेच्या बुधवारी गुडघे टेकले असता, गेल्या वर्षीच्या झावळ्यांची ती राख कपाळावर लागली तेव्हा मनात आले की, होसान्नाच्या घोषात उंच धरलेली पाने वर्षभरात वाळून चिमूटभर भुकटी होतात, मग आपल्या शब्दांची काय कथा! घरी परतलो तेव्हा त्रिलोकपुरीच्या बाजूने मगरिबची अजान येत होती आणि शेजारचे गृहस्थ खजूर हातात घेऊन क्षणभर निःशब्द बसले होते. यंदा रमजान आपल्या उपवासकाळाच्या तीनच दिवस आधी लागला. मध्ये होळी येईल, ३० तारखेला गुढीपाडवा, आणि २० एप्रिलला पुनरुत्थानाचा सण. राखेच्या बुधवारापासून तिथवर दिवस मोजलेस तर ते ४६ भरतील. तरी उपवासाचे दिवस ४०च, कारण सहा रविवार हे पुनरुत्थानाचेच दिवस असल्यामुळे ते उपवासाच्या हिशेबात धरीत नाहीत. कठोरात कठोर नियमाच्या पोटातही दयेची जागा राखून ठेवण्याची ही आपल्या पूर्वजांची वहिवाट ध्यानात ठेव, म्हणजे माणसांशी बोलताना तुझ्या हातून नियमाचा दंडुका होणार नाही.

आता मूळ मुद्दा. १९७० साली नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली आणि आपल्या अँग्लिकन घराण्यांचा प्रवाह तिच्यात मिळाला, तरी जुने प्रार्थनापुस्तक आपल्या हाडीमासी खिळलेले आहे. राखेच्या बुधवारची प्रार्थना संपूर्ण उपवासकाळात रोज म्हणावी असा १६६२ च्या त्या पुस्तकाचा शिरस्ता तुला पाठ आहेच. परंतु प्रभुभोजनाच्या सेवेतील बोधपर निवेदनाकडे पुन्हा एकदा सावकाश पाहा. ज्याच्या अंतःकरणाला स्वतःच्या प्रयत्नाने शांती लाभत नाही, त्याने एखाद्या समंजस व जाणत्या सेवकाकडे येऊन आपले दुःख उघड करावे, असा त्याचा आशय आहे. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे: येणारा आधी उघडा होतो, सेवक नंतर बोलतो. पाळकीय मार्गदर्शनाचे अवघे शास्त्र या क्रमात साठविलेले आहे, आणि आपण बहुधा तोच उलटा करतो.

मी तो कसा उलटा केला, हे तुला सांगितलेच पाहिजे. सुमारे ३० वर्षांपूर्वी, मंडळीच्या कमिटीवर नवा नेमला गेलो असता, नियमित येणारे एक गृहस्थ प्रभुभोजनाच्या वेळी मात्र जागेवरून उठत नाहीत असे माझ्या नजरेस आले. उपवासकाळाचाच तो तिसरा आठवडा होता. मी त्यांच्या घरी गेलो, खुर्चीवर बसलो, आणि कृपासाधनांची उपेक्षा केल्याने आत्म्याची कशी हानी होते या विषयावर अर्धा तास बोललो. ते मान खाली घालून ऐकत होते. मेजावर एक अंतर्देशीय पत्र उघडे पडले होते, शेजारी टोपण काढलेले पेन; मी बोलण्याच्या भरात माझा चहाचा कप नेमका त्या निळ्या कागदावर ठेवला, आणि उचलला तेव्हा लिहिलेल्या दोन ओळींवर तपकिरी वर्तुळ उमटलेले दिसले. त्यांनी काही न बोलता रुमालाने ते टिपले. निरोप देताना दारात एवढेच म्हणाले, “साहेब, वेदीपाशी दान ठेवून आधी भावाकडे जायचे ना? मी भावाच्या उत्तराची वाट पाहतो आहे.”

ज्या मनुष्याला मी प्रभूच्या आज्ञेचा उपदेश करीत होतो तो माझ्यापेक्षा अधिक निष्ठेने तीच आज्ञा पाळीत होता! वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून तुटलेल्या भावाला त्यांनी ते चौथे पत्र लिहावयास घेतले होते. हे सारे मला पहिल्या पाच मिनिटांत कळू शकले असते. पण मी त्यांना पाच मिनिटे दिलीच नाहीत.

आपल्याच इतिहासातला एक मोठा दाखला देतो. पंडिता रमाबाई १८८३ साली वाँटेज येथे सिस्टरांच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा व चिमुकल्या मनोरमेचा बाप्तिस्मा अँग्लिकन मंडळीत झाला. त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांचे त्यांच्यावर निःसंशय प्रेम होते; तथापि पुडिंगात अंडे असते म्हणून रमाबाई ते खात नाहीत, यात त्या बाईंना जातीचा अवशिष्ट अभिमान दिसला. क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असेही रमाबाईंनी विचारले होते. या प्रश्नांमागे एक स्वतंत्र, प्रामाणिक सदसद्विवेकबुद्धी प्रभूला आपल्याच भाषेत व आपल्याच ताटावर ओळखू पाहत होती. ती बंडखोरी नव्हती. याउलट, ज्यांच्या लेखनाने रमाबाईंच्या मनाची वाट मोकळी झाली ते फादर नेहेम्या गोरे, म्हणजे काशीचे नीळकंठशास्त्री, बाप्तिस्म्यानंतरही शंकांशी आयुष्यभर झुंजले होते. स्वतः झुंजलेल्या माणसाला दुसऱ्याची झुंज ऐकू येते, असा बोध मी त्यातून घेतो. पुढे दुष्काळात त्याच रमाबाईंनी केडगावी अनाथ मुलींना आसरा दिला. यशया संदेष्ट्याने बंधने तोडणे व भुकेल्याला भाकरी देणे यालाच खरा उपवास म्हटले, तो त्यांनी असा पाळला.

म्हणून या ४० दिवसांत तू जिभेचा उपवास धर. कोणाच्या घरी गेलास की आधी त्याचे क्षेमकुशल विचार, आणि मग गप्प राहा; शांतता अवघडवाणी झाली तरी ती वचनांनी बुजवू नकोस. मधुमेहाच्या वृद्धेला निराहाराची सक्ती नको, आणि ज्याची चूल दोन वेळा पेटत नाही त्याला उपवासाचे महत्त्व सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. ऐकलेली गोष्ट पाळकसाहेबांच्या चहापानातही निघता कामा नये. मात्र एखादी लेक मार खात असेल, किंवा एखाद्या बालकाला धोका असेल, तर तेथे मौन हे पाप आहे. क्षमेचा उपदेश बाजूला ठेवून आधी तिच्या सुरक्षिततेचा बंदोबस्त कर. मनाचा आजार दिसला तर प्रार्थना कर आणि डॉक्टरकडेही ने. गुलामीतून सोडविलेल्या आफ्रिकी लेकरांना ज्या शरणपुराने एके काळी आसरा दिला, तेथे तू सेवक आहेस. त्या गावाच्या नावातच तुझे कर्तव्य लिहिलेले आहे.

त्या गृहस्थांच्या भावाचे उत्तर त्या वर्षीच्या ईस्टरपर्यंत आले नाही. ते आले पावसाळ्याच्या तोंडावर. तोवर त्यांचा उपवास चालूच होता, आणि मी दर बुधवारी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. बहुतेक वेळा आम्ही फारसे बोललो नाही. कप मात्र मी हातातच धरीत असे.

तुझ्या आईला माझा सलाम सांग. प्रकृतीस जप.

तुझा,
मामा