मागाची मोटर का जळते? फेजवर नजर ठेवणारा रिले

मोटर जळाली की आपण दोष देतो रिवायंडिंगवाल्याला, नाही तर तकदीरीला. आमचा व्यापार कापडाचा. माग आमचे नाहीत. पण माल उशिरा का, असे विचारले की अनेकदा हेच उत्तर मिळते. एका रमजानमध्ये ईदच्या मागणीचे बिम चढलेले असताना, आम्ही ज्यांच्याकडून मजुरीने विणून घेतो त्यांच्या एका ओळीतील तीन मोटरी एकाच रात्री गेल्या. थान ईदनंतर आले आणि मीटरवर मजुरी घेणारे कारागीर ऐन सणात रिकाम्या हाताने बसले. तेव्हा आम्ही या विषयात लक्ष घातले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागवाल्या बंधूंपुढे ते मांडतो.

मोटरी उघडल्या तेव्हा दोन फेजच्या कॉईली काळ्या आणि तिसऱ्या फेजच्या जशाच्या तशा होत्या. स्टार जोडणीच्या मोटरीत एक फेज गेल्याची ही खूण आहे. (डेल्टात उलट एकाच फेजच्या जळतात.) एक फेज गेली तरी चालू मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजमधून ती साधारण पावणेदोन पट करंट ओढते व तापत जाते. बंद करून पुन्हा सुरू केली तर नुसती गुणगुणते. त्या अवस्थेत वायंडिंग जळायला काही मिनिटे पुरतात. स्टार्टर का पडत नाही? त्याची कॉईल बहुधा दोन फेजवर असते. तिसरी गेल्याचा तिला पत्ताच नसतो. ओव्हरलोड रिले असतो खरा, पण तो सारखा पडतो म्हणून कोणीतरी पुढे फिरवून ठेवलेला असतो. तो मोटरच्या पाटीवरील ॲम्पिअरवरच हवा.

व्होल्टेज रिले तीनही फेज मोजत राहतो. फेज गेली, व्होल्टेज कमी-जास्त झाले, फेजांत तफावत पडली किंवा दुरुस्तीनंतर फेजांचा क्रम उलटला, तर तो आपला संपर्क उघडतो. मोटर तो स्वतः तोडत नाही. त्याचा संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉईलच्या वाटेत घालावा लागतो, मग कॉन्टॅक्टर पडतो. ज्या मागांवर नुसता हाताचा स्विच आहे तिथे कॉईलच नाही. तिथे सहा-आठ मागांची ओळ एका कॉन्टॅक्टरवर घ्यावी.

खरेदीत एक गफलत होते. ओळीतील इतर मोटरी फिरत असताना गेलेल्या फेजवर त्या स्वतःच व्होल्टेज तयार करतात. बोर्डावरचा मीटर जवळजवळ बरोबर दाखवतो आणि नुसता कमी व्होल्टेज पाहणारा स्वस्त रिले गप्प बसतो. म्हणून फेजांतील तफावत पाहणाराच रिले मागावा.

तफावतीचा हिशेब सोपा आहे. समजा फेज-फेजमधील व्होल्टेज ४१०, ४०५ आणि ३८५ आले. सरासरी ४००, सर्वांत मोठा फरक १५, म्हणजे पावणेचार टक्के. दिसायला थोडे, पण पूर्ण भारावर मोटरची तापमानवाढ यामुळे सव्वापटीहून जास्त होते. आणि दर १० अंश जादा उष्णतेला इन्सुलेशनचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा कारागिरांचाही ठोकताळा आहे.

४१५ व्होल्टच्या मोटरीला खालची मर्यादा ३७५ च्या आसपास व वरची ४५५ ठेवावी. पाचेक सेकंदांचा विलंब द्यावा, नाही तर शेजारची मोटर सुरू होतानाच्या झटक्यानेही ओळ थांबेल. रिले ओळीच्या फ्यूजनंतर जोडावा. आधी जोडला तर तो फ्यूज उडाल्याचे त्याला दिसणार नाही. एकेका मागाचा फ्यूज मात्र त्याला कुठूनही दिसत नाही, त्यासाठी प्रत्येक मोटरचा ओव्हरलोड हवाच. आणि वीज परतल्यावर माग आपोआप सुरू होईल अशी जोडणी करू नये. त्या वेळी तुटलेला धागा जोडणाऱ्याचा हात फणीजवळ असू शकतो.

रिले वारंवार पडू लागला की रात्रपाळीत कोणीतरी तारेचा तुकडा टाकून तो 'डायरेक्ट' करतो. त्या तीन मोटरींच्या ओळीतही रिले होता आणि त्यावर असाच तुकडा सापडला. मालकाला त्याची खबर नव्हती. रिले पडला की आधी तीनही फेज मोजून तारीख-वेळेसह वहीत लिहावे, मग फ्यूज आणि सैल लग पाहावेत. दोष बाहेरच्या लाइनचा निघाला, तर तक्रारीसोबत तीच वही दाखवता येते.