सीमा बंद झाली तर विम्याचे पैसे मिळतात का?

प्रश्न : आई-बाबांना कैलास-मानसरोवरला पाठवतोय. ऐनवेळी चीनने सीमा बंद केली, तर प्रवास विमा नुकसान भरून देईल का?
– एक वाचक, बेगडेवाडी

उत्तर : बहुधा नाही. तुमची शंका मात्र रास्त आहे. जून २०१७ मध्ये डोकलामच्या भारत-चीन सीमावादात चीनने यात्रेचा सिक्कीममधला नथू ला मार्ग बंद केला. पुढे २०२० पासून यात्राच थांबली, ती २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाली.

सहल रद्द झाल्याची भरपाई पॉलिसीत लिहिलेल्या कारणांपुरतीच मिळते : आजारपण, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू वगैरे. सरकारने सीमा बंद करणं त्यात सहसा नसतं. बंदीची बातमी आल्यावर घेतलेल्या विम्याचा तर उपयोगच नाही. म्हणून खरी भिस्त टूर कंपनीच्या करारावर. ‘सीमा बंद झाल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत’ हे आधी लेखी घ्या. एजंटचं ‘काळजी करू नका, साहेब’ चालत नाही.

विमा तरीही घ्याच, पण उपचारांसाठी. कैलास परिक्रमेतली डोल्मा ला खिंड साडेपाच हजार मीटरच्या वर आहे. काही पॉलिसींत उंचीची मर्यादा असते, ती तपासा आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरलाय का, तेही विचारा. दावा चुकीच्या कारणाने नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग पुण्यातले विमा लोकपाल. तिथे शुल्क लागत नाही.