गुग्गुळ, केंद्रकीय ग्राही आणि आपली चिकित्सा

मेदोरोगात गुग्गुळकल्प देताना ‘हे औषध कोलेस्टेरॉल कसे कमी करते?’ असा प्रश्न रुग्ण विचारतो. उत्तरादाखल केंद्रकीय ग्राहींचा, म्हणजे न्यूक्लिअर रिसेप्टरांचा, दाखला पुष्कळदा दिला जातो. हा आधार कितपत टिकतो, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

हे ग्राही म्हणजे पेशीतील प्रथिने होत. विशिष्ट द्रव्य त्यांच्याशी जोडले गेले की ते ठरावीक जनुकांचे कार्य वाढवितात अथवा रोखतात. पेशीत कोलेस्टेरॉल वाढल्यास त्यापासून बनलेली ऑक्सिस्टेरॉल्स एलएक्सआर ग्राहीस जागृत करतात व जादा कोलेस्टेरॉल पेशीबाहेर काढले जाते. फायब्रेट औषधे पीपीएआर-अल्फा ग्राहीमार्फत ट्रायग्लिसराइड उतरवितात. एफएक्सआर हा पित्ताम्लांचा ग्राही असल्याचे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. ती पुरेशी साठली की एफएक्सआर ही निर्मिती आवरतो.

गुग्गुळाचा संबंध येथेच येतो. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात सशांवर प्रयोग केले व १९६६ साली आपला प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ‘गुगुलिपिड’ हे प्रमाणित सत्त्व विकसित केले. २००२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखविले की, गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन हे द्रव्य एफएक्सआरला अडविते. कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिलेल्या उंदरांच्या यकृतातील कोलेस्टेरॉल त्यामुळे घटले. एफएक्सआर नसलेल्या उंदरांत मात्र घटले नाही. आवर सुटला की कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर वाढावे, हा तर्क सुबोध आहे.

परंतु उंदराच्या यकृतातील यंत्रणा म्हणजे रुग्णाचा लाभ नव्हे. भारतात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ६१ रुग्णांच्या चाचणीत, पथ्याहारासह २४ आठवड्यांत एलडीएल १२.५ टक्के घटले. उलट, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील १०३ जणांच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल ४ ते ५ टक्के वाढले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ५ टक्के घटले. गुगुलिपिड घेणाऱ्या सहा जणांच्या अंगावर पुरळही उठले. आहार, प्रकृती, मात्रा यांतील भेद विचारात घेण्याजोगे आहेत. पण प्रतिकूल निष्कर्ष बाजूला सारून केवळ एफएक्सआरचा दाखला देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. शिवाय दोन्ही चाचण्या सत्त्वाच्या आहेत. त्यांचे यश वा अपयश त्रिफळा गुग्गुळ किंवा मेदोहर गुग्गुळ यांसारख्या कल्पांवर जसेच्या तसे लादता येणार नाही.

आमच्या मते व्यवहारात अधिक महत्त्वाचा ग्राही निराळाच आहे. गुग्गुलस्टेरोन पीएक्सआर या ग्राहीसही जागृत करते. हा ग्राही औषधांचे विघटन करणारी सीवायपी३ए विकरे वाढवितो. सिम्व्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिन तसेच अवयवरोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन यांचे विघटन याच मार्गाने होते. त्यांचा प्रभाव उणावण्याची शक्यता म्हणून गृहीत धरावी लागते. निरोगी व्यक्तींवरील १९९४ च्या एका अभ्यासात गुगुलिपिडमुळे डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल यांची रक्तातील उपलब्धी घटल्याचे आढळले. हृद्रोग्याच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

म्हणून वैद्यांनी गुग्गुळ योजण्यापूर्वी रुग्णाच्या चालू औषधांची यादी पाहावी. चालू असलेले स्टॅटिन परस्पर बंद करू नये. रक्ततपासणी आधी व उपचारानंतर करून घ्यावी, आणि पुरळ उठल्यास औषध थांबवावे. औषधालयचालकांनीही सत्त्वाची कॅप्सूल व शास्त्रोक्त कल्प एकच समजून परस्परांऐवजी देऊ नयेत. ग्राहक हृद्रोगाची औषधे घेत असल्यास त्यास वैद्यांकडे पाठवावे. ग्राहींचे ज्ञान आपल्या औषधाची जाहिरात करण्यासाठी नसून ते कोणास द्यावे व कोणास देऊ नये हे ठरविण्यासाठी आहे, असे आम्ही मानतो.