रेघेचें वजन

फळ्यावर आपण जी रेघ काढतों तिला लांबी असते, पण वजन नसतें. डोंगर जरी काढला तरी फळ्याची खुंटी वांकत नाहीं. परंतु रेघेस वजन प्राप्त झालें व खडू उचलतांच ती खालीं कोसळूं लागली तर? संगणकाच्या पडद्यावर असें घडविणारा एक खेळ आहे, आणि त्याचाच पाठ येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. असले खेळ पाहून पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. त्या कधींच पडूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र आठ्या घालण्यापूर्वीं क्षणभर पडद्याकडे पाहावें, एवढी विनंती आहे.

खेळाचें नांव 'क्रेयॉन फिजिक्स', म्हणजे मेणखडूचें पदार्थविज्ञान. फिनलंडमधील पेत्री पुर्हो यांनीं २००७ सालीं अवघ्या पांच दिवसांत त्याचा पहिला नमुना रचिला. वाढविलेल्या आवृत्तीस २००८ सालीं अमेरिकेंतील स्वतंत्र खेळकर्त्यांच्या महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिक मिळालें, व २००९ सालीं ती विक्रीस आली. पडद्यावर जुनाट कागद दिसतो. त्यावर एक तांबडा चेंडू व दूर कोठें तरी एक पिवळी चांदणी. चेंडू चांदणीस नेऊन भिडवावयाचा. मध्यें खड्डा असेल तर पूल काढावा. चांदणी उंचावर असेल तर फळी व टेकू काढून तरफ करावी आणि तिच्या एका टोंकावर दगड पाडून दुसऱ्या टोंकावरील चेंडू उडवावा. 

रेघ पडते कशी, हें जिज्ञासूंनीं विचारावेंच. संगणकास पडणें ठाऊक नाहीं. त्यास केवळ हिशेब येतो. एरिन कॅटो यांनीं २००६ सालीं एका परिषदेंत अशा हिशेबाची एक सुटसुटीत रीत मांडली, आणि तिच्यांतून निघालेली 'बॉक्स टू-डी' नांवाची आज्ञावली त्यांनीं सर्वांस विनामूल्य दिली. हा व असे कित्येक खेळ तिच्यावर उभे आहेत. सेकंदाचे सामान्यतः साठ तुकडे करावयाचे. प्रत्येक तुकड्यांत गुरुत्वाकर्षणामुळें वेग किती वाढला तें मिळवावयाचें, वस्तु तितकी सरकवावयाची, आणि कोण कोणास टेकलें आहे तें तपासावयाचें. न्यूटनचे नियम म्हणजे परीक्षेपुरते पाठ करण्याचे श्लोक नव्हेत, हें येथें दिसून येतें.

आतां मुख्य गोष्ट. एक लहान व एक मोठा असे दोन दगड सारख्याच उंचीवरून सोडले, व हवेचा अडथळा नसला, तर आधीं कोणता पोंचेल? वर्गांत हा प्रश्न विचारला कीं गॅलिलिओचें नांव तत्काळ घेतलें जातें व उत्तर बरोबर येतें. तींच मुलें खेळावयास बसलीं आणि चेंडू चांदणीपर्यंत पोंचेना, कीं तीं काय करतात? दगड मोठा करतात! मागील वर्षीं नववीच्या कांहीं मुलांनीं तो वाढवीत वाढवीत अर्धा कागद व्यापून टाकला, आणि चेंडू होता तेथेंच पडूं लागला.

दगड मोठा केल्यानें प्रथम लाभ होतो हें खरें. तेथें चौरसाची बाजू दुप्पट केली कीं वजन चौपट होतें, व आघातहि तितकाच वाढतो. पण हवा नसल्यामुळें दगडाचा वेग मात्र तोच राहतो. दगड एकदां चेंडूहून पुष्कळ जड झाला म्हणजे फळीचें टोंक जवळजवळ त्याच्याच वेगानें खालीं जातें. आघातानें त्याहून अधिक वेगानें तें जाणार कसें? येथून पुढें धोंडा वाढविण्यांत फारसा अर्थ नाहीं. मग एक तर दगड अधिक उंचीवरून सोडावा. ५ मीटरवरून पडलेल्या दगडाचा वेग सेकंदास सुमारें १० मीटर होतो. तो २० व्हावा तर उंची दुप्पट पुरत नाहीं, चौपट, म्हणजे २० मीटर, लागते. नाहीं तर टेकू दगडाकडे सरकवावा. चेंडूकडील भुजा दगडाकडील भुजेच्या तिप्पट झाली कीं तें टोंक तिप्पट वेगानें उठतें. अर्थात् हा लाभ फुकट मिळत नाहीं. दगडास तो चेंडू आतां नऊपट जड असल्याप्रमाणें भासतो, आणि म्हणून येथें जड दगड खरोखरच उपयोगी पडतो.

त्या मुलांपैकीं एका मुलीनें अखेर टेकू पुसून दोन बोटें अलीकडे काढला. चेंडू चांदणीवरून पार पलीकडे गेला. मुलें हंसलीं. ती मात्र म्हणाली, "आतां दगड लहान करूं या." चेंडू चांदणीस लागला असता तर आम्हांस जितका संतोष वाटला असता, त्याहून अधिक या वाक्यानें वाटला.

वाटेल तशा रेघोट्या ओढूनहि कधीं कधीं चांदणी हातीं लागते, आणि मग वेळ व्यर्थ गेला हा पालकांचा आक्षेप सर्वस्वीं बरोबर ठरतो. यास्तव खडू उचलण्यापूर्वीं काय घडेल तें एका वाक्यांत वहीवर लिहावें, असा आमचा आग्रह असतो. लिहिल्याप्रमाणें न घडलें तर चुकलें कोठें तें शोधतां येतें; लिहिलेंच नाहीं तर शोधणार काय? ज्या आईबापांस विज्ञान येत नाहीं त्यांनींहि शेजारीं बसून "आतां काय होईल?" एवढें विचारलें तरी पुरे.

मात्र पडद्यावरचें जग आपल्या जगासारखें हुबेहूब आहे असें कोणी समजूं नये. तेथें खोली नाहीं. त्यामुळें दोन पायांचें स्टूल तेथें खुशाल उभें राहतें. आपल्याकडे त्यास निदान तिसरा पाय लागतो. चौरसाऐवजीं खरा घनाकृति दगड घेऊन त्याची बाजू दुप्पट केली तर वजन चौपट नव्हे, आठपट होतें. ज्यांच्या घरीं संगणक नाहीं त्यांनीं तर मुळींच हिरमुसूं नये. एक पट्टी घ्या, तिच्याखालीं पेन्सिल आडवी ठेवा, एका टोंकावर खोडरबर ठेवून दुसऱ्यावर नाणें पाडा, व पेन्सिल सरकवीत प्रत्येक वेळीं रबर किती उंच उडालें तें लिहून ठेवा. रबर बाजूस घसरेल, पट्टी थोडी वांकेल, नाणें नेमक्या जागीं पडणार नाहीं. तेंहि लिहा.