मृगाची मूठ आणि वाफशाची पेरणी



नांदेड व लातूर जिल्ह्यांत मृग लागला की तिफणीची पूजा होते. हळद-कुंकू वाहून, नारळ फोडून चाड्यावर पहिली मूठ धरतात. मुस्लिम शेतकरी 'बिस्मिल्ला' म्हणून तीच मूठ सोडतो. कोठे शिवारातील पिराला दोन्ही घरचा मलिदा जातो व त्यावर फातेहा होतो. नवसाच्या कंदुरीसाठी हिंदू शेतकरीही मुलाण्याला बोलावतो.

दोघांनाही मृगच का लागतो, याचे कारण पाहण्यासारखे आहे. हिजरी वर्ष चांद्र असून सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्याचे महिने दरवर्षी ११ दिवस मागे सरकतात व सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. त्यावर पेरणी किंवा शेतसारा बसविता येत नाही. म्हणून दखनच्या सुलतानी अमलात 'सुहूर सन' चालू झाला. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत, पण वर्ष सुरू होई सूर्य मृगात शिरल्यावर. त्यामुळे त्याला 'मृगसाल' असेही म्हणत. त्याचा आरंभ इ.स. १३४४ चा मानतात. पुढे मराठी दफ्तरांतही तो चालला.

परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. मृग हा सूर्याचा दिवस आहे, पावसाचा नव्हे. ७-८ जूनला सूर्य मृगात जातोच. पाऊस येईलच असे नाही. अपुऱ्या ओलीवर पेरलेले सोयाबीन फुगते, मोड येतो आणि उघडीप पडताच तो वाळून जातो. मग बियाणे, खत व मजुरी दुसऱ्यांदा घालावी लागते. तेव्हा मूठ मृगावर धरा. सर्व रानाची पेरणी मात्र खालीलप्रमाणे करा.

१) ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्यावर, वाफसा येताच पेरावे.

२) पूजेपूर्वीच उगवणशक्ती तपासावी. ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून गुंडाळी करावी व ती ओलसर ठेवावी. आठवड्याने ७० किंवा अधिक दाणे चांगले उगवले, तर बियाणे योग्य समजावे.

३) बियाण्यास आधी बुरशीनाशक चोळावे, नंतर रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू लावून सावलीत सुकवावे.

४) सोयाबीन ३ ते ४ सें.मी. खोलीवर पेरावे. खोल पडलेले बी मातीखाली दबते.

५) १५ जुलैपर्यंत सोयाबीन पेरता येते. मृग कोरडा गेला म्हणून घाबरून धूळपेरणी करू नये.

मूठ धरणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे. त्या दिवशी त्यांनाच बांधावर नेऊन वीतभर माती उकरावी, ओल कोठपर्यंत गेली ते पाहावे आणि मगच पेरणीचा दिवस ठरवावा.